दाजी फुफ्फुसाच्या प्रतीक्षायादीवर आहेत, माहेरच्यांनी नेमकं काय करायचं?

ताई, वाचणाऱ्या इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. तुम्ही लातूरला शाळेत शिकवता. थोरली बहीण निलंगा तालुक्यातल्या एका गावात दिलेली. दाजी सत्तेचाळीस वर्षांचे, फुफ्फुसाचा फायब्रोसिस, म्हणजे फुफ्फुस कडक होत जाण्याचा आजार, वर्षभरापासून ऑक्सिजनवर. हैदराबादच्या एका हॉस्पिटलात फुफ्फुस प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवून पाच महिने झाले, अजून फोन नाही. घरात सासूबाई, दहावीतला मुलगा, सहावीतली मुलगी, शेजारच्या घरात दीर. तुम्ही पंधरा दिवसांनी भेटायला जाता, फळं नेता, जमेल तसे पैसे ठेवता. अक्का "सगळं बरंय" म्हणतात आणि चहा टाकायला उठतात. तुम्ही विचारलंय की माहेरच्या माणसांनी यात नेमकं काय करायचं, आणि सासरच्या घरात किती बोलायचं.

मी छत्रपती संभाजीनगरला वैद्यकीय समाजसेविका आहे. ऑक्सिजनवर असलेल्या माणसांच्या घरांशी माझा रोजचा संबंध येतो. माझं उत्तर असं आहे: त्या घरातलं एक ठरावीक काम पूर्णपणे अंगावर घ्या आणि शेवटपर्यंत सोडू नका. "काही लागलं तर सांग" हे येणारा प्रत्येक जण बोलून जातो. पण काय लागेल ते आठवायचं, कुणाला सांगावं ते ठरवायचं, मग संकोच बाजूला ठेवून फोन करायचा, हे सगळं पुन्हा अक्कांच्याच डोक्यावर येतं. म्हणून त्या कुणालाच काही सांगत नाहीत. त्याऐवजी "अक्का, सिलिंडर भरून आणायचं काम आजपासून आमच्या दादाचं, तू त्याचा विचारच करू नको" असं म्हणा, आणि खरंच करा. डोक्यातलं एक ओझं त्या दिवशी उतरतं.

हे आजारपण इतर आजारपणांसारखं नाही. ऑपरेशन ठरलेलं असलं की घर महिनाभर धावतं आणि मग दमून बसतं. इथे तारीखच नाही. फोन आज रात्री येईल अशी तयारी ठेवायची आणि वर्षभर येणार नाही असं धरून शेत, शाळा, सण, औषधं सगळं चालवायचं. पहिले दोन महिने भावकी, सोयरे, गावकरी सगळे असतात. त्यानंतर पेरणी येते, लग्नसराई येते, लोक आपापल्या कामाला लागतात. यात कुणाचा दोष नाही. पण घराला माणसांची खरी गरज लागते ती सहाव्या, आठव्या, दहाव्या महिन्यात. तुम्ही आत्ता पाचव्या महिन्यात विचारताय, हे अगदी वेळेवर आहे.

"नंबर कितवा आहे" हा प्रश्न घरात विचारू नका आणि इतरांनाही विचारू देऊ नका. प्रतीक्षायादी म्हणजे रेशनची रांग नाही. फुफ्फुस मिळालं की आधी रक्तगट जुळतो का ते पाहतात, मग छातीचा आकार, म्हणजे ढोबळमानाने उंची, मग रुग्ण किती गंभीर आहे ते. उंचापुऱ्या माणसाला लहानखुऱ्या दात्याचं फुफ्फुस पुरत नाही आणि लहान छातीत मोठं फुफ्फुस बसत नाही. त्यामुळे नंतर नाव घातलेल्याचं काम आधी होऊ शकतं, आणि त्यात कुणी वशिला लावलेला नसतो. शिवाय मेंदूमृत दात्याचं मूत्रपिंड किंवा यकृत चांगलं असलं तरी फुफ्फुस बरेचदा वापरता येत नाही. व्हेंटिलेटरवर असताना जंतुसंसर्ग, पाणी, सूज यांचा पहिला मार फुफ्फुसालाच बसतो.

दात्यांच्या अवयवांचं वाटप हॉस्पिटल स्वतःच्या मर्जीने करत नाही. तेलंगणात ते जीवनदान या सरकारी योजनेमार्फत होतं. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय केंद्रं आहेत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने नोंदणीसाठीची रहिवासाची अट काढली, त्यामुळे मराठवाड्यातल्या माणसाने हैदराबादला नाव घालणं रीतसर आहे. मात्र बाहेरच्या राज्यातल्या रुग्णाचा क्रम तिथे कसा लागतो, हे तिथल्या कोऑर्डिनेटरला, म्हणजे हॉस्पिटलात प्रत्यारोपणाचं काम जुळवून आणणाऱ्या माणसाला, स्पष्ट विचारून घ्या. आणि कुणी "पैसे द्या, नाव वर आणतो" म्हणालं तर त्याला दारात उभं करू नका. अवयवांच्या व्यवहाराला कायद्यात ५ ते १० वर्षांची कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. असे लोक नेमके थकलेल्या घरांनाच हेरतात.

आता ऑक्सिजन. यावर थोडं जास्त बोलते, कारण मराठवाड्यातल्या गावात घराची झोप उडते ती यानेच. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन, विजेवर चालतं. पाच लिटरच्या मशीनला साधारण ३५० वॅट लागतात, दहा लिटरच्या मशीनला ६०० च्या आसपास. घरातल्या इन्व्हर्टरची १५० एएचची चांगली बॅटरी पाच लिटरचं मशीन तीनेक तास ओढते, तेही त्यावर पंखा आणि टीव्ही नसेल तर. जुनी बॅटरी दीड तासातच मान टाकते. म्हणून घरात भरलेलं सिलिंडर हवंच. लहान बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. दाजींना मिनिटाला २ लिटर लागत असेल तर ते बारा तास पुरतं, ४ लिटर लागत असेल तर सहाच तास. मोठ्या जम्बोत ७,००० लिटरच्या आसपास असतो, म्हणजे ४ लिटरने साधारण एकोणतीस तास. हा हिशेब एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सिलिंडरशेजारच्या भिंतीला चिकटवा. लाईट गेल्यावर अंधारात अक्का मनातल्या मनात हाच हिशेब करत बसतात आणि घाबरलेल्या माणसाचा हिशेब चुकतो.

घराची वीज गावठाणातल्या फिडरवरून, म्हणजे वीजलाईनवरून, येते की शेतातल्या, हेही बघा. रुग्णाला मोकळी हवा मिळावी म्हणून काही घरं त्याला शेतातल्या आखाड्यावर नेऊन ठेवतात. तिथली लाईन शेतीपंपाची असते, दिवसाचे ठरावीक तास चालते, बाकी वेळ अंधार. हवा चांगली असली तरी ऑक्सिजनवरच्या माणसाची ती जागा नव्हे. महावितरणच्या शाखा कार्यालयात ग्राहक क्रमांक, डॉक्टरांचं पत्र आणि "घरात ऑक्सिजनवरचा रुग्ण आहे" असा अर्ज देऊन पोच घ्या. त्याने लाईट जाणार नाही असं नाही, पण लाईनमन ओळखीचा होतो आणि दुरुस्तीचं काम निघणार असेल तर आधी कळतं. ही फेरी मारायला घरातल्या कुणालाच सवड नसते. माहेरच्या माणसाने करण्याजोगं हे पहिलं काम.

मशीनच्या बाटलीत उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी घालायचं आणि ते रोज बदलायचं. टँकरचं, हापशाचं पाणी तसंच ओतायचं नाही. मशीनची जाळी आठवड्याला धुवायची, आपल्याकडच्या धुळीत त्याहून लवकर भरते. नळी ओढली जाऊन नाक सोलवटतं, तिथे तेल, तूप, व्हॅसलीन लावू नये. ऑक्सिजन आणि तेलकट पदार्थ एकत्र आले की पेट घेण्याचा धोका असतो, डॉक्टरांना विचारून पाण्यात विरघळणारं मलम आणा. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत समई, उदबत्ती, धूप, विडी यांतलं काहीच नको. सासूबाईंना हे सांगणं सगळ्यात अवघड जातं, कारण देव्हारा त्याच खोलीत असतो. अक्कांनी सांगितलं तर ते सुनेचं बोलणं होतं. तुम्ही "डॉक्टरांनी लिहून दिलंय, देव दुसऱ्या खोलीत मांडू, मी मदत करते" म्हणालात तर त्या ऐकतील. सासरच्या घरात किती बोलायचं, असं विचारलंत ना? अशा ठिकाणी नक्की बोला. मोठ्यांचा मान ठेवून, हाताने काम करत बोला.

चूल, पऱ्हाटी पेटवणं, सोयाबीनचं मळणीयंत्र, तुरीचा भुसा, बुरशी आलेला कडबा, माळवदावर बसणारे पारवे, हे सगळं दाजींच्या फुफ्फुसाला घातक. फायब्रोसिसचा एक प्रकार तर बुरशी आणि पारव्यांच्या विष्ठेमुळेच होतो. दिरांना सांगून मळणी घरापासून लांब करवून घ्या. दाजी फायब्रोसिसवरच्या पिरफेनिडोनच्या गोळ्या घेत असतील तर दुपारच्या उन्हात बसू देऊ नका, त्या औषधाने त्वचा उन्हाला भाजल्यासारखी लाल होते.

एक गोष्ट घराघरात लपवली जाते, ती उघड बोला. तंबाखू. प्रत्यारोपणाआधी रक्ताची किंवा लघवीची निकोटीनसाठी तपासणी होते, आणि त्यात विडी-सिगारेटइतकंच गुटखा, तंबाखू-चुना आणि मिश्रीही पकडली जाते. आयाबायांना मिश्री म्हणजे दात घासणं वाटतं, व्यसन वाटत नाही. बाई रुग्ण असली तर मी मिश्रीचं आवर्जून विचारते. दाजींनी चोरून चिमूटभर जरी चालू ठेवली असेल तर नाव यादीतून थांबवलं जाऊ शकतं. रागावून काही होणार नाही. लातूरला तंबाखूमुक्ती केंद्र किंवा छातीच्या डॉक्टरांची ओपीडी गाठून द्या.

वजनाचंही तसंच. फार घटलं तरी अडचण, फार वाढलं तरी अडचण. धाप लागणाऱ्या माणसाला ज्वारीची भाकरी चावतानाच दम लागतो, मग तो दोन घास खाऊन पुरे म्हणतो. भाकरी वरणात कुस्करून, अंडं, दही, मऊ भात, डाळीचं घट्ट पाणी, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यावं. एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे उपवास दाजींनी आणि शक्य असेल तर अक्कांनीही या वर्षी करू नयेत. तुळजापूरला पायी येण्याचा नवस कुणी बोललं असेल तर तो घरातल्या धडधाकट माणसाने फेडावा.

भेटायला येणाऱ्यांबद्दल. आपल्याकडे आजारी माणसाला न भेटणं हा अपमान. पण साध्या सर्दीने दाजी दवाखान्यात भरती होऊ शकतात आणि तब्येत सावरेपर्यंत यादीवरचं नाव तात्पुरतं थांबवलं जातं. त्याच काळात जुळणारं फुफ्फुस आलं तर ते दुसऱ्याला जातं. म्हणून भेट ओसरीवरून, मास्क लावून, दहा मिनिटं. हे नियम कुणीतरी वाईटपणा घेऊन सांगायला हवेत. तो वाईटपणा तुम्ही किंवा दिरांनी घ्यावा, अक्कांनी नव्हे. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यावी. दाजींच्या लसी हैदराबादच्या टीमला विचारून.

ताप आला, गावच्या डॉक्टरने सलाइन लावली, लातूरला रक्त चढवलं, असं काहीही झालं तरी त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला कळवायचं. "सांगितलं तर नाव काढतील" या भीतीने लोक लपवतात. रक्त चढवल्यावर शरीरात तयार होणाऱ्या अँटीबॉडीजमुळे दात्याचं फुफ्फुस जुळण्यात फरक पडतो, म्हणून ही माहिती त्यांना लागतेच. तसंच ऑक्सिजनचा आकडा आपल्या मनाने वाढवायचा नाही. काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. ऑक्सिमीटरवर किती असावं आणि किती खाली गेलं तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता तो फोन. तयारी कागदावर करा आणि एकदा तालीम करून बघा. काढलेलं फुफ्फुस साधारण सहा तासांच्या आत बसवायचं असतं, त्यामुळे हॉस्पिटल रुग्णाला पोचायला ठरावीक वेळ देतं. ती वेळ किती, हे कोऑर्डिनेटरकडून लेखी घ्या. लातूर ते हैदराबाद अंदाजे ३०० किलोमीटर, गाडीला सहा तास धरा. निलंग्याकडून थोडं जवळ पडतं, पण रात्री, पावसात, जहीराबादपुढच्या वाहतुकीत वेळ जातोच. दिलेल्या वेळेत पोचणं जमणारच नसेल तर आत्ताच हैदराबादेत खोली घेऊन राहावं लागेल. ते आज ठरवलेलं बरं. मराठवाड्याला हैदराबाद परकं नाही, निजामाच्या काळापासूनची सोयरीक अनेक घरांत आहे. तुमच्या नात्यात तिथे कोण आहे, याची चौकशी हेही एक काम.

प्रवासातल्या ऑक्सिजनचा हिशेब करा. मिनिटाला ४ लिटर, सहा तास, म्हणजे १,४४० लिटर. लहान सिलिंडर कागदावर जेमतेम पुरतं, म्हणजे प्रत्यक्षात पुरत नाही. दोन भरलेली घ्या, रेग्युलेटर आणि चावी त्यालाच बांधून ठेवा. १०८ ची गाडी जवळच्या दवाखान्यात पोचवण्यासाठी आहे, परराज्यातल्या लांबच्या प्रवासाची भिस्त तिच्यावर ठेवू नका. लातूर किंवा निलंग्यातल्या दोन खासगी रुग्णवाहिकांशी आणि गावातल्या एका गाडीवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा, रात्री दोनला निघशील का, हे विचारून. फोन आल्यापासून दाजींनी काही खायचं-प्यायचं नाही, रोजच्या गोळ्यांचं काय करायचं ते कोऑर्डिनेटर सांगेल. आधार कार्ड, हॉस्पिटलची फाइल, नोंदणीचा क्रमांक, चालू औषधांची यादी, चार कपडे, चार्जर, थोडी रोख रक्कम एका पिशवीत. हॉस्पिटलकडे किमान तीन नंबर द्या आणि ते वेगवेगळ्या कंपन्यांचे असू द्या. गावात लाईट गेली की एखाद्या कंपनीचा टॉवर बंद पडतो. त्या तिघांनी अनोळखी नंबर उचलायचाच.

आणि हे आधीच सांगून ठेवा, दाजींसकट सगळ्यांना: फोन आला म्हणजे ऑपरेशन झालंच असं नाही. दात्याचं फुफ्फुस सर्जनने शेवटच्या क्षणी तपासलं आणि ते योग्य नसेल तर रुग्णाला परत पाठवतात. अंघोळ घालून, गाऊन चढवून, सह्या घेऊन झाल्यावरसुद्धा. सगळीकडेच असं घडतं. डॉक्टरांनी नको म्हणणं हे रुग्णाला वाचवणंच असतं, कारण खराब फुफ्फुस बसवण्यापेक्षा थांबणं बरं. पण परतीच्या प्रवासात गाडीत कुणी बोलत नाही. घरी आल्यावर गाव विचारतं, "काय झालं?" म्हणून फोन आला की व्हॉट्सॲपवर काही टाकायचं नाही, देवाला पाण्यात ठेवा म्हणून पन्नास जणांना कळवायचं नाही. तीन माणसांना कळवा, बस. परत यावं लागलंच तर तुम्ही आधी जाऊन घर झाडून, स्वयंपाक करून ठेवा. समजावू नका. "देवाची इच्छा" म्हणू नका. पुढचे आठ-दहा दिवस रोज कुणीतरी त्या घरी जेवायला असू द्या.

आता अक्का. "कशी आहेस?" या प्रश्नाला बाई "बरी" असंच म्हणते. त्याऐवजी विचारा, "काल रात्री किती वेळा उठलीस?" ऑक्सिजनवरच्या माणसाच्या बायकोची झोप मशीनच्या आवाजाला बांधलेली असते. आवाज बदलला की जाग, बंद पडला की धडकी. महिनोन् महिने असं चाललं की चिडचिड, विसरणं, अंगदुखी, जेवण नको वाटणं सुरू होतं. महिन्यातून चार रात्री तरी दुसऱ्या कुणीतरी दाजींच्या खोलीत झोपायचं आणि अक्कांनी दुसऱ्या घरी, जिथे मशीनचा आवाज येत नाही तिथे. आधी मशीन, सिलिंडर बदलणं, ऑक्सिमीटर वाचणं त्यांच्याकडून शिकून घ्या, त्यांच्यासमोर दोनदा करून दाखवा. विश्वास बसल्याशिवाय त्या झोपणार नाहीत. शनिवारी शाळा सुटल्यावर निघालात तर रविवार दुपारपर्यंत ही एक रात्र तुमची होते. फळांपेक्षा मला ही रात्र मोलाची वाटते. फारच खचल्यासारख्या वाटल्या तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

दिरांबद्दल तुम्ही लिहिलंय की ते चिडतात. पुरुष माणूस भीती दाखवत नाही, चिडतो. त्यांना नुसतं बसून राहायला लावू नका, काम द्या: सिलिंडर, गाडी, महावितरण, बँक.

मुलांपासून लपवू नका. दहावीतल्या मुलाने नेटवर सगळं वाचलेलं असतं, सांगत नाही इतकंच. त्याला विचारा, काय वाचलंस? परीक्षेच्या काळात फोन आला तर तो कुणाकडे राहील, हे आत्ताच ठरवा आणि त्यालाही सांगा. तुमचं घर लातुरात आहे, हा सोपा मार्ग आहे. मुलीला वडिलांसाठी करण्याजोगं काम द्या, रोज संध्याकाळचा ऑक्सिमीटरचा आकडा वहीत लिहिण्याचं.

एक दुखणं अक्का तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. प्रतीक्षेतल्या घरात पेपरातली अपघाताची बातमी वेगळ्या डोळ्यांनी वाचली जाते. "तरुण होता, रक्तगट कुठला असेल" असा विचार क्षणभर येतो आणि मग स्वतःचीच शिसारी येते. माझ्याकडे एका बाईंनी हे रडत सांगितलं होतं, जालन्याकडच्या होत्या. देवापुढे हात जोडले की आपण कुणाचं तरी मरण मागतोय असं वाटतं, म्हणून त्यांनी पूजाच सोडली होती. मी त्यांना प्रक्रिया समजावून सांगितली. मेंदू मृत झाल्याचा निर्णय चार डॉक्टरांचं मंडळ घेतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून. दात्याच्या उपचाराशी प्रत्यारोपणाच्या टीमचा संबंध नसतो. त्यानंतर दुःखात बुडालेलं एक कुटुंब स्वतःहून होकार देतं. तो मृत्यू आपल्या प्रार्थनेने घडत नाही आणि आपण प्रार्थना थांबवल्याने टळतही नाही. आपण वाट बघतो ती त्या कुटुंबाच्या होकाराची. अक्कांशी एकांतात हा विषय काढून बघा. "असे विचार सगळ्यांच्याच मनात येतात म्हणे" एवढं बोललात तरी पुरे. आणि तुम्हाला मनातून वाटत असेल तर तुम्ही स्वतः अवयवदानाची नोंद करा. त्या घरात त्याचा अर्थ पोचतो.

पैशांचं थोडक्यात, पण नीट ऐका. जमीन विकण्याआधी हॉस्पिटलकडून शिक्क्यानिशी लेखी अंदाजपत्रक घ्या, ऑपरेशनचं वेगळं आणि त्यानंतरच्या पहिल्या वर्षाचं वेगळं. ऑपरेशनचा खर्च बहुतेक वेळा पंचवीस लाखांच्या पुढे जातो, पण घरं अडतात ती नंतर. शरीराने नवं फुफ्फुस नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड ही औषधं आयुष्यभर चालतात, तपासण्या वेगळ्या. सगळा पैसा ऑपरेशनला लावून औषधांना हात रिकामे, अशी वेळ येऊ देऊ नका. महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी खाटा राखीव असतात, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. पण हैदराबादला तो नियम लागू नाही. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी, महात्मा फुले जन आरोग्य योजना यांतलं काय त्या हॉस्पिटलला चालतं, हे तिथल्या समाजसेवा विभागाला विचारा. मुंबई-पुण्यातली प्रत्यारोपण केंद्रं आणि हैदराबाद यांची तुलना करताना ही बाजूही मोजा. लोकवर्गणी काढायची तर पैसे हॉस्पिटलच्या खात्यावर जावेत. आणि दाजींचा नळी लावलेला फोटो टाकण्याआधी दाजींना विचारा. तो माणूस अजून त्या घराचा कर्ता आहे.

शेवटी सगळ्यात जड विषय. फुफ्फुस वेळेत न मिळण्याचीही शक्यता असते. मिळालं तरी जगभरच्या नोंदींनुसार निम्म्याहून थोडे अधिक लोक ५ वर्षांनंतर हयात असतात. दाजी कदाचित हे जाणून आहेत आणि घरासाठी गप्प आहेत, घर दाजींसाठी गप्प आहे. ही कोंडी फोडायला बाहेरचा माणूस लागतो, बहुतेकदा डॉक्टर किंवा आमच्यासारखे कुणी. तब्येत एकदम ढासळली तर व्हेंटिलेटर हवा का, किती दिवस, कुठे, निर्णय कुणी घ्यायचा, हे दाजींच्या तोंडून कळलेलं बरं. हे बोलल्याने आशा सोडली असं होत नाही, नाव यादीवर तसंच राहतं. हैदराबादच्या टीमला सांगून पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांची भेट आत्तापासूनच मागा. धाप कमी करायला त्यांच्याकडे उपाय असतात: चेहऱ्यावर धरायचा छोटा हातपंखा, ओठ चंबू करून सावकाश श्वास सोडणं, पुढे वाकून टेकून बसणं, अंघोळ स्टुलावर बसून आणि नळी लावूनच, आणि गरज पडली तर अगदी कमी मात्रेत मॉर्फिन. मॉर्फिन म्हटलं की घर घाबरतं. योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीत ते धाप सुसह्य करतं.

या रविवारी जाल तेव्हा दिरांना आणि तुमच्या दादाला सोबत बसवा, दाजींच्या खोलीतच, दाजींसमोर. एक वही घ्या. सिलिंडर, गाडी, महावितरण, हैदराबादचे कागद, मुलाचं लातूरचं राहणं, आणि शनिवारची रात्र, प्रत्येकासमोर एकच नाव लिहा. मग एक ओळ आणखी लिहा: ऑपरेशननंतर रुग्णाला साधारण तीन महिने हॉस्पिटलजवळच राहावं लागतं आणि सोबत सतत एक माणूस लागतो. अक्का एकट्या ते तीन महिने काढू शकणार नाहीत. दुसरं नाव कुणाचं, हे त्याच दिवशी ठरवा, आणि त्या माणसाने दाजींच्या पुढच्या तपासणीला हैदराबादला सोबत जावं, म्हणजे औषधांच्या वेळा, कोऑर्डिनेटर, खोल्या हे सगळं त्याच्या ओळखीचं होईल.